जुनी आलिशान मोटार : घ्यावी कीं न घ्यावी?

मोटार विकत घेतांना मनुष्य दोन हिशेब मांडीत असतो. एक कागदावर आणि दुसरा मनांत. कागदावरचा हिशेब रुपयांचा असतो, मनांतला मानाचा. नवी लहान मोटार घ्यावयाची असेल तर हे दोन्ही हिशेब बहुधा एकमेकांशीं भांडत नाहींत. परंतु एके काळीं ४० लाखांना विकली गेलेली विलायती बनावटीची सेडान अवघ्या ७ लाखांत मिळते आहे, असें कानीं आलें कीं या दोन हिशेबांची फारकत होते. मग मनांतला हिशेब कागदावरच्या हिशेबाला गप्प बसवूं लागतो. प्रस्तुत भाषणाचा विषय ही फारकत होय.

समजा, धाराशिव शहरांत एक वकील राहतात. पत्नी शाळेंत शिक्षिका आहेत. थोरला मुलगा पुण्यास शिकतो, धाकटी मुलगी बारावीच्या वर्गांत आहे. घरांत ७८ वर्षांचे वडील आहेत, आणि हृदयाच्या तपासणीकरितां त्यांना दरमहा सोलापुरास न्यावें लागतें. घरची लहान मोटार आतां थकली आहे. गेल्या कांहीं वर्षांत काटकसरीनें सांठविलेले ८ लाख रुपये बँकेंत आहेत. अशा वेळीं पुण्याहून मुलगा एका मोटारीचीं छायाचित्रें पाठवितो. काळी कुळकुळीत जर्मन सेडान, २०११ सालची नोंदणी, आंत चामड्याच्या बैठका, किंमत ७ लाख. "बाबा, एवढ्या पैशांत नवी छोटी गाडी येईल, हें खरें; पण नानांना या गाडींतून सोलापुरास नेलें तर त्यांना प्रवास झाल्याचें कळणारसुद्धां नाहीं," असें तो म्हणतो. वकिलांचें मन तत्काळ विरघळतें. त्यांच्या पत्नी मात्र छायाचित्रें पाहून शांतपणें विचारतात, "अहो, घेतां येईल, यांत शंका नाहीं. पण ठेवतां येईल का, तें आधीं पाहाल ना?"

घेणें आणि ठेवणें, या दोन क्रियापदांत सारा प्रश्न सामावलेला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आलिशान मोटारीची हौस म्हणजे निव्वळ मूर्खपणा, असें मानण्याचें कारण नाहीं. मराठवाड्याच्या माणसाला तर या हौसेची एक विशेष बाजू आहे. ज्या प्रदेशाचें नांव निघतांच दुष्काळ, टँकर आणि मागासलेपण एवढेंच इतरांना आठवतें, त्या प्रदेशांतील मनुष्याला आपणही कोणापेक्षां उणे नाहीं, हें दाखवावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. २०१० सालच्या ऑक्टोबरांत तेव्हांच्या औरंगाबाद शहरांत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, १५० जणांनीं एकत्र येऊन एकाच व्यवहारांत १५० मर्सिडीझ मोटारी घेतल्या. व्यवहार सुमारें ६५ कोटी रुपयांचा होता, आणि भारतीय स्टेट बँकेनें सुमारें ७ टक्के व्याजानें कर्ज दिलें होतें. सरासरी काढली तर एका मोटारीस ४३ लाखांहून अधिक रुपये पडतात. त्या दिवशीं देशाचें लक्ष या शहराकडे वेधलें गेलें. व्यापारी, डॉक्टर, उद्योजक अशा मंडळींनीं केवळ वाहनें घेतलीं नव्हतीं. आमच्याकडे पाहा, असें त्यांनीं जगास बजावलें होतें.

परंतु कालगणना कोणासाठीं थांबत नाहीं. त्या मोटारींच्या वयाच्या गाड्यांच्या नोंदणीचीं १५ वर्षें २०२५ सालीं भरलीं. त्या काळांत देशभर घेतलेल्या शेंकडों आलिशान मोटारी आज दुसऱ्या, तिसऱ्या, कांहीं तर चौथ्या मालकाच्या शोधांत बाजारांत उभ्या आहेत. पहिल्या मालकानें ४३ लाखांची मोटार घेतली तेव्हां त्याच्यापाशीं तिला पोसण्याचें सामर्थ्य होतें. चौथ्या मालकाला मोटार ७ लाखांत मिळते. सामर्थ्य मात्र तिच्याबरोबर मिळत नाहीं.

या जिल्ह्याचें पूर्वीचें नांव ज्यांच्या नांवावरून पडलें, त्या सातव्या निजामांची, मीर उस्मान अली खान यांची, एक मोटार प्रसिद्ध आहे. १९१२ सालची ही पिवळी रोल्स-रॉइस सहाव्या निजामांनीं मागविली होती. १९११ सालीं त्यांचें निधन झाल्यावर ती पुत्राकडे आली. आंत सिंहासनासारखी बैठक आहे. ती मिरवणुकीची मोटार होती, नित्याच्या प्रवासाची नव्हे. म्हणून ती फार थोडी धावली. दारीं हत्ती झुलविण्याचाच तो एक नवा प्रकार होता, आणि त्या हत्तीचा चारा संस्थानाच्या खजिन्यांतून येत होता. धाराशिवच्या वकिलांपुढें आलेल्या काळ्या सेडानचा चारा मात्र त्यांच्याच पक्षकारांच्या शुल्कांतून आणि त्यांच्या पत्नींच्या पगारांतून यावयाचा आहे.

आतां कागदावरचा हिशेब पाहूं गेलें असतां पहिला प्रश्न असा, कीं ही मोटार एवढी स्वस्त कां झाली? मोटारीची किंमत वयाबरोबर घसरते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घसरते ती संबंध मोटारीची किंमत. तिच्या सुट्या भागांची नव्हे. ४० लाखांच्या मोटारीचा गिअरबॉक्स ती १५ वर्षांची झाली तरी ४० लाखांच्या मोटारीचाच राहतो. दिव्याची कांच, हवेवर चालणारे आधार, संगणकी पेटी यांचे भाव मोटारीच्या जन्मकाळच्या इभ्रतीप्रमाणें ठरतात, तिच्या आजच्या बाजारभावाप्रमाणें नव्हे. विक्रेत्याला हें पक्कें माहीत असतें. किंबहुना पुष्कळदां एखादी मोठी दुरुस्ती समोर दिसूं लागली म्हणूनच तो मोटार काढीत असतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जणुं या व्यवहारासाठींच जन्मास आली.

स्वस्ताईचें दुसरें कारण भौगोलिक आहे. दिल्ली व परिसरांत १० वर्षांहून जुनीं डिझेल वाहनें आणि १५ वर्षांहून जुनीं पेट्रोल वाहनें चालविण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं मनाई केली, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. २०२५ सालीं न्यायालयानें कांहीं अंतरिम सवलत दिली, तरी मधल्या वर्षांत तेथील असंख्य चांगल्या दिसणाऱ्या मोटारी इतर राज्यांत पाठविल्या गेल्या. अशी मोटार महाराष्ट्रांत कायमची आणावयाची तर मूळ नोंदणी कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें, येथें नवी नोंदणी करावी लागते, आणि मोटारीची मूळ किंमत व वय यांवरून ठरणारा कर भरावा लागतो. हा कर हिशेबांत धरला नाहीं तर दिल्लीची स्वस्ताई धाराशिवास पोंचेपर्यंत अर्धी होते. वकिलांना मुलानें दाखविलेल्या मोटारीचा क्रमांक पाहतांच हा प्रश्न उभा राहतो, कारण तो महाराष्ट्राचा नसून दिल्लीचा आहे.

यानंतर यंत्राकडे वळावें. आलिशान मोटारीचा गुण तिच्या अवघडपणांत असतो, आणि जुनेपणीं तोच अवघडपणा तिचा दोष होतो. साध्या मोटारींत चाकांवर पोलादी स्प्रिंगा असतात. कांहीं आलिशान मोटारींत त्यांच्या जागीं हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. त्यामुळें खड्डा अंगास लागत नाहीं. परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, त्या उन्हांत रबर वर्षानुवर्षें तापून तडकतें, हवा बारीकशी गळूं लागते, आणि ती गळती भरून काढण्यासाठीं हवा दाबणारा पंप अहोरात्र राबून शेवटीं स्वतःच निकामी होतो. रात्रीं सरळ उभी केलेली मोटार सकाळीं एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर तो या रोगाचा आरंभ समजावा.

गिअरबॉक्सचेंही तसेंच. आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रांतील तेल मोटारीच्या आयुष्यभर पुरतें, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली. पण असे गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा सुमारें ८ वर्षांनीं, तेल बदलावें असें सांगते. विक्रेत्यास "गिअरबॉक्सचें तेल केव्हां बदललें?" असें विचारावें, आणि तो उत्तर कसें देतो तें पाहावें. पावती दाखविली तर मनुष्य प्रामाणिक. "या गाडीला तेल बदलावें लागतच नाहीं," असें म्हणाला तर तो खर्च खरेदीदाराच्या नांवावर लिहून ठेवावा.

इंधनाचाही विचार आतां निराळा करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यांत ऊस पिकतो, साखर कारखाने आहेत, आणि उसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें. २०२५ सालीं देशांत हें मिश्रण २० टक्क्यांवर पोंचलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांत लाभ असेल. परंतु १५ वर्षांपूर्वीं बांधलेल्या इंजिनांच्या रबरी नळ्या व झडपा या मिश्रणासाठीं घडविलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत जुन्या धर्तीच्या चारचाकी वाहनांच्या इंधनक्षमतेंत ६ ते ७ टक्के घट अपेक्षिली होती. म्हणून पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार घेणाऱ्यानें इंधनाच्या नळ्या व पंप यांची तपासणी मुद्दाम करून घ्यावी.

आणि मग अंतराचा प्रश्न येतो. पुण्यांतील मनुष्यास मोटार बंद पडली तर कार्यशाळा शहरांतच सांपडते. धाराशिवाहून पुणें सुमारें अडीचशें किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगरही जवळपास तितकेंच. परंड्याच्या किंवा भूमच्या आडवाटेवर रात्रीं अशी मोटार बंद पडली, तर जवळच्या गांवचा मिस्त्री कितीही हुशार असला तरी तिच्या संगणकाशीं बोलण्याचें उपकरण त्याच्यापाशीं बहुधा नसतें. मालवाहू गाडीच्या पाठीवर मोटार घालून शहरांत पाठविणें, तेथें ती आठ-पंधरा दिवस राहणें, आणि त्या अवधींत घरीं दुसरें वाहन नसणें, हा खर्च कोणत्याही जाहिरातींत लिहिलेला नसतो. शिवाय या मोटारींचें पोट जमिनीला लागून असतें व टायर अरुंद कडांचे असतात. ग्रामीण रस्त्यांवरील गतिरोधक आणि खड्डे त्यांना शत्रूसारखे भेटतात.

कागदपत्रांचा विषय रुक्ष वाटला तरी फसवणूक पुष्कळदां तेथेंच होते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती ५ वर्षांकरितां नवी करावी लागते. या नूतनीकरणाचें केंद्र सरकारचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर गेलें. राज्याचा पर्यावरण कर त्याहून वेगळा. २०११ सालीं नोंदलेल्या मोटारीचीं १५ वर्षें २०२६ सालीं भरतात, म्हणजे हा सर्व उपद्व्याप नव्या मालकाच्या गळ्यांत तत्काळ पडणार. मोटारीवर कोणत्या बँकेचें कर्ज उरलें आहे का, दंडाच्या किती पावत्या थकल्या आहेत, आतांचा मालक कितवा, हें सरकारच्या वाहन नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहतां येतें. कर्ज फिटलें असेल तर तशी नोंद पुस्तकांतून काढून घेतलेली असली पाहिजे. विमा मोटारीबरोबर येतो. परंतु अपघात न केल्याबद्दल मिळणारी सूट पूर्वीच्या मालकापाशींच राहते, आणि जुन्या मोटारींना भागांची पूर्ण किंमत भरून देणारा विमा बहुधा मिळत नाहीं.

विकणाऱ्यानेंही सावध राहावें. कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत झालेल्या विक्रीची सूचना विक्रेत्यानें १४ दिवसांत व खरेदीदारानें ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत स्पष्ट केलें, कीं अपघाताच्या नुकसानभरपाईसाठीं ज्याच्या नांवानें नोंदणी आहे तोच मालक समजला जाईल. केवळ कोऱ्या कागदांवर सह्या करून किल्ली देणारा मनुष्य आपली जबाबदारी विकीत नाहीं, मोटार तेवढी विकतो.

मोटार पाहावयास जावयाचें तें सकाळीं, आणि इंजिन थंड असतांना. विक्रेत्यानें आधींच तें तापवून ठेवलें असेल तर त्याचें कारण विचारावें. पहिल्या क्षणीं साखळी खडखडली किंवा निळा धूर आला तर तो दोष थंड इंजिनच सांगतें, तापल्यावर तो लपतो. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. मीटरवर ५० हजार किलोमीटर आणि पायपट्ट्यांचें रबर मात्र घासून गुळगुळीत झालेलें, अशी विसंगती दिसली तर मीटरपेक्षां रबरावर विश्वास ठेवावा. दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांवर किलोमीटरांचे आंकडे लिहिलेले असतात. ते क्रमानें वाढत जातात कीं मध्येंच मागें येतात, हें पाहण्यास दहा मिनिटें पुरतात. गालिचा उचलून खालीं चिखलाची रेघ किंवा गंज आहे का तें पाहावें; पुरांत बुडालेली आलिशान मोटार कधींच पूर्ववत् होत नाहीं, कारण तिच्या साऱ्या तारा पायांखालून जातात. आणि शेवटीं, त्याच बनावटीच्या मोटारींवर काम करणाऱ्या त्रयस्थ मिस्त्रीकडून, दोन-चार हजार रुपये खर्चून, लेखी तपासणी करून घ्यावी. ७ लाखांच्या खरेदींत ही रक्कम जो वांचवितो तो काटकसर करीत नसतो.

वकिलांनीं तशीच तपासणी करविली, असें समजूं या. मिस्त्री यादी देतो: चार टायर ६० हजार, पुढचे दोन हवेचे आधार १ लाख ६० हजार, गिअरबॉक्सचें तेल व गाळणी ४० हजार, इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या व टाकी ३० हजार, बॅटरी २० हजार. बेरीज ३ लाख १० हजार. हे आंकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशा मोटारीच्या बाबतींत ते आश्चर्य वाटण्याजोगे नव्हेत. "वकीलसाहेब, गाडी वाईट नाहीं," मिस्त्री म्हणतो, "पण हा पहिला खर्च आहे, शेवटचा नाहीं." ७ लाखांची मोटार १० लाख १० हजारांना पडली, त्यांत दिल्लीहून नोंदणी बदलण्याचा कर अजून धरलेलाच नाहीं. बँकेंत आहेत ८ लाख, आणि मुलीचें महाविद्यालय सुरू व्हावयाचें आहे.

मग अशी मोटार कोणींच घेऊं नये काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. जिच्या पावत्या आरंभापासून सांपडतात, जी एकाच हातीं राहिली, जिची मोठी दुरुस्ती नुकतीच होऊन गेली, अशी मोटार ज्याच्या घरीं रोजच्या कामास दुसरें वाहन आहे त्यानें अवश्य घ्यावी. किमतीच्या निदान एकतृतीयांश रक्कम त्यानें निराळी काढून ठेवावी, आणि ती मोटारीचीच समजून तिला हात लावूं नये. विश्वासू मिस्त्री आधीं शोधावा, मोटार नंतर. अशा माणसाला ती मजबूत बांधणीचें, शांत व डौलदार सुख देईल, जें त्याच पैशांतील नव्या छोट्या मोटारीस देतां येणार नाहीं. परंतु ज्या घरची ती एकुलती एक मोटार व्हावयाची आहे, आणि जिच्यावर एका वृद्धाची दरमहाची तपासणी अवलंबून आहे, त्या घराला ती नाकापेक्षां मोती जड अशीच होणार.

वकिलांपुढें दोनच वाटा होत्या असेंही नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, त्यामुळें नवी छोटी मोटार पूर्वीपेक्षां हातांत येण्यासारखी झाली. तिसरी वाट म्हणजे देशांत मोठ्या प्रमाणावर खपणारी, चार-पांच वर्षांची, एकाच मालकाची साधी सेडान. जिचे भाग सोलापुरांत दुकानोदुकानीं मिळतात आणि जिचें इंजिन धाराशिवचा मिस्त्री झोपेंतही खोलूं शकतो. समजा, तशी एक साडेसहा लाखांत मिळाली. तिची डिकी मोठी आहे, मागली बैठक रुंद आहे, आणि बँकेंत दीड लाख शिल्लक उरले आहेत.

मुलगा थोडा हिरमुसतो. पुण्यांतील मित्रांना दाखवावयाचें छायाचित्र त्याच्या हातून गेलें. तेव्हां आजोबा त्याला जवळ बसवून विचारतात, "बाळ, महिन्याच्या पहिल्या सोमवारीं सकाळीं सात वाजतां मला सोलापुरास पोंचावयाचें असतें. ती काळी गाडी मला दर महिन्याला तेथें नेईल, अशी हमी तूं देतोस का?" मुलगा कांहीं वेळ गप्प राहतो, आणि मग म्हणतो, "नाहीं, नाना. तेवढी हमी मला देतां येणार नाहीं."

मोटार घेणाऱ्या प्रत्येक घरानें पैसे मोजण्यापूर्वीं आपापल्या सोमवारचा हा प्रश्न एकदां मोठ्यानें विचारावा, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावांचून किल्ली हातांत घेऊं नये.